डबल खाडा

खाडा हा शब्द आपणा गृहिणींना समजावून सांगायला नको. दूधवाला आला नाही, पेपरवाला आला नाही, कामाची बाई आली नाही, की आपण भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेभोवती गोल काढतो आणि महिनाअखेर हिशेबात तेवढे पैसे वजा करतो. एका दिवसाचा खाडा, एका दिवसाचे पैसे. हिशेब सरळ आहे.

परंतु एका दिवसाच्या खाड्याला दोन दिवसांचे पैसे कापले तर?

गेल्या वर्षी श्रावणात आपल्या मंडळातील एका भगिनीवर हाच प्रसंग आला. तिचे नाव मी लिहीत नाही, आणि ती जेथे काम करते त्या कारखान्याचेही लिहीत नाही. तयार कपड्यांना बटणे लावायची, लोंबणारे धागे कापायचे, घड्या घालायच्या, असे तिचे काम. मुलाला ताप भरला म्हणून ती दोन दिवस गेली नाही. पगाराच्या दिवशी पाकीट उघडले तो चार दिवसांचे पैसे कमी! भीत भीत विचारले, तेव्हा शेठ म्हणाले, "बाई, आमच्याकडे हाच नियम आहे. कामाला लागताना तुम्ही कागदावर सही केलीत ना? मग आता तक्रार कसली?"

सही केली होती हे खरेच. तिने निमूटपणे पाकीट घेतले आणि ती घरी आली. शनिवारी मंडळाच्या भजनाला बसली तेव्हा मात्र तिचा चेहरा पाहून आम्ही विचारले आणि तिला रडू कोसळले. आम्ही सगळ्या हळहळलो. कुणी म्हणाले, नोकरी आहे हेच नशीब समज. कुणी म्हणाले, मोठ्यांशी वैर नको. एवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या आमच्या चाळीतील सर्वांत वडील आजी (वय पंच्याऐंशीच्या पुढे) एकदम म्हणाल्या, "अगं, हा तर डबल खाडा! माझी आई गिरणीत वाइंडिंग खात्यात होती, ती सांगायची. पण तो तर कधीच बंद झालाय!"

कधी बंद झाला? कुणी केला? आजींना ते सांगता येईना. मला मात्र चैन पडेना. वाचनालयातून पुस्तके आणली. अडले तेथे कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून वाचून घेतले, समजावून घेतले. मी काही पंडित नव्हे. परंतु जे समजले ते या वर्धापनदिनाच्या निमित्ताने भगिनींपुढे ठेवावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुंबईत सूतगिरणी काढण्याची पहिली कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली आणि १८५६ साली ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढे एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. कोकणातून आणि घाटावरून माणसे पोटासाठी मुंबईस आली. सूर्य उगवला की गिरणी सुरू व्हायची आणि मावळला की बंद. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा तर काम मोठे. आठवड्याची सुट्टी नाही. सणावारी मिळेल तेवढीच.

१८८१ साली सरकारने पहिला कारखाना कायदा केला. तो मुख्यतः मुलांपुरता होता. सात वर्षांखालील मूल कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, हे त्याचे मुख्य म्हणणे. सात वर्षांचे मूल! आपल्या घरी त्या वयाच्या मुलाला आपण अजून भरवतो. मोठ्या माणसांच्या, बायकांच्या कामाच्या तासांविषयी त्या कायद्यात काही नव्हते. पगार कधी द्यावा, किती कापावा याविषयी तर अक्षर नव्हते.

त्या काळी नारायण मेघाजी लोखंडे नावाचे गृहस्थ पुढे आले. १८४८ साली जन्मलेले, महात्मा जोतिराव फुले यांचे सहकारी. गिरणीच्या कोठीवर नोकरी केल्यामुळे आतला कारभार त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. 'दीनबंधु' पत्र १८८० पासून ते मुंबईतून चालवू लागले आणि कामगारांची गाऱ्हाणी त्यात छापू लागले. १८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांची स्थिती पाहण्यासाठी कमिशन नेमले, तेव्हा लोखंड्यांनी सप्टेंबर महिन्यात परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा भरवल्या आणि एक अर्ज तयार केला. त्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांची नावे पडली.

अर्जात काय मागितले होते? आठवड्यातून रविवारची एक सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे व सूर्यास्ताला थांबावे. कामावर जबर दुखापत झाली तर बरे होईपर्यंत पगार मिळावा आणि जन्माचे अपंगत्व आले तर काही तरतूद व्हावी. आणि एक मागणी अशी की, एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा.

भगिनींनो, ही शेवटची मागणी मी दोनदा वाचली. पगार वाढवून द्या असे त्यांनी म्हटले नव्हते. जो पगार घाम गाळून मिळवला आहे तो पंधरवड्याच्या आत हातात द्या, एवढेच म्हणणे! यावरून तेव्हा पगार किती लांबत असेल त्याची कल्पना करावी. पगार लांबला की घर काय करते ते आपल्याला ठाऊक आहे. वाण्याकडे उधारी होते, उधारी थकली की सावकाराचे दार गाठावे लागते. मुंबईत गिरणगावातले सावकार रुपयाला महिन्याकाठी एक आणा व्याज घेत. ऐकताना एक आणा लहान वाटतो. बारा महिन्यांचे बारा आणे झाले, म्हणजे वर्षाला शंभरास पंचाहत्तर! आणि झळ एकट्या कामगाराला लागत नसे. गिरणगावात पुष्कळ बाया खानावळी चालवून घर चालवीत. जेवणाऱ्याचा पगार लांबला की त्यांचीही चूल अडायची.

अर्ज गेला, परंतु लगेच काही पदरात पडले नाही. लोखंडे मात्र थांबले नाहीत. रविवार हा खंडोबाचा वार, तो कामकऱ्याला मिळालाच पाहिजे, असे ते सांगत. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत कामगारांची प्रचंड सभा भरली. सुमारे दहा हजार लोक जमले होते आणि त्या सभेत दोन कामकरी स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली. ज्या काळी बाईने चार पुरुषांसमोर तोंड उघडणे म्हणजे आगळीक समजली जाई, त्या काळी गिरणीतल्या या दोघीजणी दहा हजारांसमोर बोलल्या! आपल्या मंडळात आभार मानायला उठतानाही आपले पाय लटपटतात, म्हणून मला त्यांचे फार कौतुक वाटले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ साली, नव्या कायद्याने स्त्रियांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणून त्यांना दीड तास विसावा दिला. लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत वारले.

सुट्टी मिळाली, तास ठरले. परंतु पगाराची गोष्ट तशीच राहिली. मजुरी मालकाच्या मर्जीने कापली जाई, आणि तिच्या नाना तऱ्हा होत्या.

पहिली तऱ्हा दंडाची. उशिरा आले, दंड. सूत तुटले, दंड. उलट बोलले, दंड. दंड किती असावा याला धरबंध नव्हता आणि दंडाचे पैसे कोठे जातात हे विचारण्याची सोय नव्हती.

दुसरी तऱ्हा खराब कापडाची. मागावर विणताना कापडात दोष राहिला तर ते कापड विणकराच्याच माथी मारीत आणि त्याची किंमत पगारातून वळती करीत. त्या बापड्याने ते कापड घेऊन बाजारात हिंडावे आणि येईल त्या भावात विकावे. दोष कधी विणकराचा असे, कधी निकृष्ट सुताचा, कधी मागाचा; भुर्दंड मात्र विणकरालाच.

तिसरी तऱ्हा अडकवलेल्या पगाराची. पगार मागाहून मिळत असल्यामुळे कामगाराचे काही आठवड्यांचे पैसे नेहमी गिरणीकडे अडकलेले असत. गावी आई आजारी पडली आणि माणूस सूचना न देता निघून गेला, तर ते पैसे बुडाले. त्यामुळे अन्याय झाला तरी नोकरी सोडून जाण्याची चोरी.

चौथी तऱ्हा म्हणजे आजींच्या आईचा डबल खाडा. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी जायची. एका दिवसाची मजुरी काम केले नाही म्हणून, आणि दुसऱ्या दिवसाची शिक्षा म्हणून. बायकांना हा नियम विशेष जाचे. मूल आजारी पडले, घरात बाळंतपण आले, सासू अंथरुणाला खिळली, तर खाडा कोणाचा होतो? बाईचाच.

गिरणी कामगारांत तेव्हा सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रीळ खात्यात असत आणि पुष्कळजणींना मजुरी कामाच्या मोजणीवर मिळे. त्यांच्यावर नायकीण असे. पुरुषांच्या खात्यात जॉबर तशी बायकांत नायकीण. कामावर घेणे, काढणे, कुणाला चांगले सूत द्यायचे नि कुणाला तुटके, हे तिच्या हाती. चांगले सूत मिळाले तर काम भराभर उरकते. तुटक्या सुताला गाठी मारण्यातच दिवस जातो आणि मोजणी कमी भरते. म्हणून नायकिणीचा हात ओला करावा लागे. हे सारे मालकच करीत होते असे नाही. परंतु मालकाने डोळेझाक केल्याशिवाय हे चालले नसते, हेही तितकेच खरे.

आता कुणी म्हणेल, या बाया गप्प का बसल्या? त्या गप्प बसल्या नाहीत. १९२८ साली २६ एप्रिलपासून ६ ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. सुमारे दीड लाख कामगार पाच महिन्यांहून अधिक काळ बाहेर होते. त्या संपात आणि त्यानंतरच्या लढ्यांत बायका मागे राहिल्या नाहीत. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांनी गिरणीतल्या बायकांना एकत्र आणण्याचे काम केले. संपानंतर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि गिरण्यांचे नियम काय असावेत याची चौकशी झाली. दंड, खराब कापड, खाडे, हे विषय आता कागदावर आले.

त्याच सुमारास बाळंतपणाचा कायदाही झाला. मुंबई कायदे कौन्सिलात आसवले यांनी ते बिल आणले होते आणि १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तेथे त्याला पाठिंबा दिला. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. हिंदुस्थानातला अशा तऱ्हेचा तो पहिला कायदा. बाळंतपणाच्या आधी व नंतर मिळून काही आठवडे, दिवसाला आठ आणे गिरणीने द्यावे असे ठरले. पण पैसे द्यावे लागू नयेत म्हणून दिवस गेलेल्या बाईला आधीच कामावरून काढून टाकण्याची युक्ती काही मालकांना सुचली! त्यामुळे कायद्यातच लिहावे लागले की, बाळंतपणाच्या आधी काही महिन्यांत योग्य कारणाशिवाय काढले, तरी तिचे पैसे बुडणार नाहीत.

येथे मला एक गोष्ट उमगली. कायद्याची कलमे वाचायला रुक्ष वाटतात. परंतु प्रत्येक कलमामागे कुणाची तरी युक्ती असते आणि त्या युक्तीने बुडालेली कुणाची तरी मजुरी असते. मजुरीच्या कायद्यात तर हे पावलोपावली दिसते.

१९२९ साली सरकारने सबंध हिंदुस्थानातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी व्हिटली साहेबांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमले. त्यात आपले ना. म. जोशी हेही एक सभासद होते. सोशल सर्व्हिस लीगचे आणि पुढे गिरणी कामगारांच्या युनियनचे काम करणारे हे तेच जोशी. कमिशनचा अहवाल १९३१ साली बाहेर आला. दंडाला मर्यादा घाला, मुलांना दंड करू नका, जॉबरच्या हातून नोकर भरण्याचा अधिकार काढून घ्या, असे त्यात सांगितले होते. त्यातून १९३३ साली बिल आले आणि १९३६ साली मजुरी देण्याविषयीचा कायदा मंजूर झाला. तो २८ मार्च १९३७ पासून अमलात आला. प्रथम तो कारखाने व रेल्वे यांना, आणि महिना दोनशे रुपयांच्या आतील पगारदारांना लागू होता.

आता मघाच्या तऱ्हा आठवाव्या आणि हा कायदा पाहावा.

पगार लांबत होता, म्हणून तारीख बांधून दिली. हजाराच्या आत कामगार असतील तर महिना संपल्यावर सात दिवसांच्या आत, त्याहून अधिक असतील तर दहा दिवसांच्या आत. १८८४ साली सुपारीबागेत जी मागणी झाली, ती पुरी व्हायला ५२ वर्षे लागली! अर्ज करणाऱ्यांपैकी किती जण तो दिवस पाहायला उरले असतील?

दंडाला धरबंध नव्हता, म्हणून रुपयामागे अर्धा आणा ही हद्द घातली. महिना सोळा रुपये पगार असेल तर महिन्याचा सगळा दंड मिळून आठ आण्यांवर जाता कामा नये. कशाबद्दल दंड होईल याची यादी सरकारकडून मंजूर करून भिंतीवर लावली पाहिजे. दंड करण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. पंधरा वर्षांखालील मुलाला दंड नाही. दंडाचे पैसे वहीत लिहून ठेवायचे आणि ते कामगारांच्या हितासाठीच खर्च करायचे, मालकाच्या खिशात घालायचे नाहीत.

खराब कापडाची किंमत वाटेल तशी लावीत, म्हणून प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीहून अधिक कापता येणार नाही आणि तेही कामगाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय नाही, असे ठरले. मजुरी नाण्यात अगर नोटांतच द्यायची.

पगार अडकवून ठेवीत, म्हणून कामावरून काढले तर दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी सगळा हिशेब चुकता करावा, असे लिहिले.

आणि डबल खाडा? जेवढा वेळ गैरहजर तेवढ्याच वेळाची मजुरी कापावी, प्रमाणाबाहेर कापू नये, असे स्पष्ट कलम आले. येथे आजींच्या आईचा डबल खाडा बंद झाला. मला ते कलम सापडले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, तरी मी खाली जाऊन आजींना सांगून आले.

सही केलेल्या कागदाचाही बंदोबस्त होता. आपला या कायद्याने मिळणारा हक्क सोडून देतो, असा करार कामगाराने लिहून दिला तरी तो करार रद्दबातल. गरजवंताला अक्कल नसते असे आपण म्हणतो. गरजवंत कशावरही सही करतो हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

दाद मागण्याची वाटही सोपी ठेवली होती. कामगाराने स्वतः, युनियनच्या माणसाकडून किंवा वकिलाकडून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. पुष्कळांची मजुरी बुडाली असेल तर सर्वांनी मिळून एकच अर्ज केला तरी चाले. बेकायदा कापलेले पैसे परत मिळत आणि त्यावर दहापटीपर्यंत भरपाई देववण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला होता. अट एवढीच की मुदतीत यावे. ही मुदत तेव्हा सहा महिन्यांची होती, पुढे ती एक वर्ष झाली.

हा कायदा म्हणजे सर्व रोगांवर औषध होते असे मात्र समजू नये. दहा किंवा अधिक कामगार मिळून, सूचना न देता व सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापण्याची मुभा त्यात मालकाला ठेवलेली होती. म्हणजे एकटीने खाडा केला तर सिंगल, दहाजणींनी मिळून केला तर आठपट! एकजुटीची धास्ती मालकांना आणि सरकारला किती होती ते यावरून दिसते. शिवाय कायदा पुस्तकात असतो आणि पाकीट मालकाच्या हातात असते. मागायला गेले नाही तर कायदा आपण होऊन घरी येत नाही.

पुढे स्वराज्य आले, रुपया आणे जाऊन नवे पैसे आले, मुंबईच्या गिरण्याही बंद पडत गेल्या. १९३६ च्या त्या कायद्यासह मजुरीचे चार कायदे एकत्र करून २०१९ साली संसदेने वेतन संहिता केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जुन्या कायद्यातले जे कष्टाने मिळवलेले होते ते तीत राहिले आहे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत, दंड शेकडा तीनच्या आत, गैरहजेरीची कपात प्रमाणातच, नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब. दाद मागण्याची मुदत तीन वर्षे झाली आहे. आणि पगार दिला हे शाबीत करण्याचे ओझे मालकावर आहे.

आता आपल्या भगिनीचे काय झाले ते सांगते. हे सारे तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "ताई, पण माझ्याकडे पुरावा काय?" पुरावा तिच्याकडेच होता. दर महिन्याचे पगाराचे पाकीट, त्यावर शेठच्या कारकुनाने लिहिलेला आकडा, ही सगळी पाकिटे तिने रबर लावून डाळीच्या डब्यात ठेवली होती. आणि घरच्या कॅलेंडरात तिच्या खाड्यांचे गोल होते. तारखा आणि पाकिटे जुळवून आम्ही एका वहीत हिशेब मांडला. वर्षभरात तिचे अकरा दिवसांचे पैसे जास्त कापले गेले होते.

तिच्याबरोबर काम करणाऱ्या पाचजणींना बोलावले. दोघी घाबरून मागे हटल्या. त्यांना दोष देत नाही, घर त्यांच्यावरच चालते. उरलेल्या तिघी आणि आपली भगिनी, अशा चौघींनी मिळून अर्ज लिहिला. आधी शेठना दिला आणि त्याच्या प्रतीवर पोच घेतली. शेठ हसले. परंतु अर्जात तारखांसह हिशेब आहे आणि खाली कामगार कचेरीस प्रत पाठवणार असे लिहिले आहे, हे पाहून त्यांनी तो दोनदा वाचला. पंधरा दिवसांनी चौघींचे कापलेले पैसे परत मिळाले. मागे हटलेल्या दोघींचाही डबल खाडा त्या महिन्यापासून बंद झाला.

गोष्ट येथे संपली असती तर गोड झाली असती. दोन महिन्यांनी त्या चौघींपैकी एकीला "काम कमी आहे" म्हणून घरी बसवले आणि तिचा शेवटचा हिशेबही अडकवला. तिचा अर्ज आता कामगार कचेरीत आहे. तारखा पडतात, आम्ही आळीपाळीने तिच्याबरोबर जातो. निकाल अजून लागलेला नाही. लोखंड्यांच्या अर्जाला ५२ वर्षे लागली. हिला तेवढी लागू नयेत एवढीच प्रार्थना.

यातून मी जे शिकले ते थोडक्यात सांगते. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, कागदावरची टिकते. एकटीचे गाऱ्हाणे कुरकूर ठरते, चौघींचे मागणी ठरते. आणि हिशेब भांडणाच्या दिवशी मांडायचा नसतो, तो रोजचा ठेवायचा असतो. म्हणून नोकरी करणाऱ्या प्रत्येक भगिनीने आपली हजेरी, मिळालेला पगार आणि कापलेले पैसे तारीखवार लिहून ठेवावे. कोऱ्या कागदावर सही करू नये. सही केलीच तर त्याची प्रत मागावी. आणि केली असली तरी घाबरून हक्क सोडू नये.

शेवटी एक गोष्ट आपल्या स्वतःविषयी. शेठला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु आपल्यापैकी पुष्कळजणी आपल्या घरी मालकीणच आहोत. कामाची बाई चार दिवस आली नाही तर आपण काय करतो? कपबशी फुटली तर पैसे कापतो का? गावी गेली म्हणून मागचा पगार अडकवतो का? १९३६ चा कायदा घरकाम करणाऱ्या बाईपर्यंत पोहोचलाच नाही. महाराष्ट्रात त्यांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ साली. तिच्या खाड्याचा हिशेब आपल्याच कॅलेंडरावर असतो आणि तो मांडणाऱ्याही आपणच. मी हा लेख लिहायला बसले तेव्हा प्रथम माझे स्वतःचे कॅलेंडर पाहिले आणि गणपतीत मी एका दिवसाचे पैसे जास्त कापले होते ते दुसऱ्या दिवशी तिला परत दिले. तिने कारण विचारले. मी म्हटले, "डबल खाडा झाला होता."

आपल्या मंडळाच्या कपाटात आता एक कोरी वही ठेवली आहे. ज्या भगिनीची मजुरी अडली असेल तिने येऊन त्यात तारीख घालून लिहावे. पुढे काय करायचे ते आपण सगळ्या मिळून पाहू.